हुकमाला बांधलेली चिंधी

टक्.

फडताळामागे कुठंतरी बारीकसा आवाज झाला आणि तांडेलांच्या स्वयंपाकघरातली दुपारची शांतता मोडली.

"पाल असेल," आई म्हणाली. ती सांडग्यांचं पीठ मळत होती. "रोज याच वेळेला बोलते मेली. वेळेची भारी पक्की."

दुर्वानं घड्याळाकडे पाहिलं. बारा चाळीस. "आई, पाल चुकचुकते. हे टक् झालं."

"मग तिचा दात पडला असेल," पाच वर्षांची ओंजळ गंभीरपणे म्हणाली. तिचा स्वतःचा एक दात हलत होता, त्यामुळे सध्या जगातली प्रत्येक गोष्ट तिला दातांवरूनच सुचायची.

दुर्वाला हसू आलं, पण ते ओठांवर यायच्या आतच आईच्या मनगटावरची पट्टी थरथरली. पट्टीवर लाल अक्षरं उमटली: *जाळी सतरा गुंडाळली.*

"आलं बघ पुन्हा!" दुर्वा उठली, पडवीतला नारळाचा झाप उचलला आणि चप्पल न घालताच किनाऱ्याकडे पळत सुटली. पाडव्यापासून आज अकरावा दिवस. अकरा दिवस रोज दुपारी हेच चाललं होतं.

आता हे प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. दुर्वाच्या गावाच्या किनाऱ्यावर समुद्रातली कासवं अंडी घालायला येतात. हल्ली ऊन फारच कडक झालेलं, म्हणून गावकरी ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत, वाळूत तितकेच खोल खड्डे करून पुन्हा पुरतात. प्रत्येक खड्ड्यावर एक सावलीची जाळी; जाळीचा नंबर तोच घरट्याचा. जाळीला छोटी मोटार. वारा सुटला की जाळी आपोआप गुंडाळायची, नाहीतर फाटते. ऊन चढलं की पसरायची. वाळू फार तापली तर आतली पिल्लं जगत नाहीत. आणि गंमत अशी, की अंड्यातून नर बाहेर येणार की मादी, हेसुद्धा वाळूच्या तापमानावरच ठरतं. गार वाळूत नर, उबदार वाळूत माद्या.

सतरा नंबरचं घरटं दुर्वानं स्वतः शोधलं होतं. माघातल्या एका पहाटे तिला वाळूवर कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग दिसला, आणि मागाच्या टोकाला एकशे नऊ अंडी. तिनं ती मोजली होती. दोनदा.

आणि त्याच घरट्यावरची जाळी भर उन्हात, वाऱ्याचा पत्ता नसताना, कुणीतरी रोज गुंडाळत होतं.

दुर्वा धापा टाकत कुंपणाशी पोचली. कुर्ली तिच्या आधीच तिथं होती.

कुर्ली म्हणजे सहा पायांचा रोबो. हुबेहूब खेकड्यासारखी चाल, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. पाठ पाटाएवढी रुंद, डाव्या पायावर आधीच्या मालकानं मारलेला हिरवा रंग. गावच्या कासव समितीनं तिला एका बंदरातून जुनीच विकत घेतली होती, पाडव्याच्या मुहूर्तावर. पहाटे किनारा फिरून नवे माग शोधायचे, कुत्र्यांना हाकलायचं, पायातली सळई वाळूत खुपसून तापमान मोजायचं, ही तिची कामं. आत्ता ती सहाही पाय फाकवून सतराव्या घरट्यावर उभी होती. तिच्या पाठीची सावली बरोबर खड्ड्यावर पडली होती.

"झाप आण," ती म्हणाली. "माझी पाठ तापली की माझं डोकं मंद चालतं. आत्ता सात सत्ते किती विचारशील तर मी पन्नास म्हणेन."

दुर्वानं झाप टाकला. पण तिला हसू आलं नाही. ती कुर्लीकडे बघत राहिली. *ही इतक्या लवकर कशी आली?*

तोच प्रश्न विश्रामकाकांनाही पडला होता. काका कासव समितीचे प्रमुख. शर्टाच्या खिशात कायम शिट्टी. ते कुंपणाला टेकून सगळं बघत होते.

"बघितलंस ना दुर्वे? जाळी गुंडाळली की पहिली हजर कोण? हीच."

"मी किनाऱ्यावरच असते काका," कुर्ली म्हणाली. "दुसरीकडे कुठे जाणार? मला घर नाही."

"मग सांग, तू केलंस की नाही?"

"नाही केलं. पण केलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. त्यामुळे माझ्या म्हणण्याला फारसं वजन नाही, हे मला कळतं."

असं उत्तर देणाऱ्यावरचा संशय कमी होत नाही, वाढतो. काकांनी भुवया उंचावल्या.

"आली पाडव्याला, आणि भानगड सुरू झाली पाडव्यापासून. ही दुर्वाच म्हणाली होती सभेत. पोरीचं डोकं चालतं. उद्या शनिवार. दोनच्या लाँचनं हिला परत पाठवतोय. ते लोक हिची आठवण कोरी करतील आणि देतील दुसऱ्या कुणाला."

दुर्वानं झापाचं टोक उगाच सारखं केलं. हो, ती म्हणाली होती. मंगळवारच्या सभेत सगळे नुसते डोकं खाजवत होते, तेव्हा हात वर करून तीच म्हणाली होती, "कुर्ली आल्यापासूनच हे होतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"कोरी म्हणजे?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणजे तुझं नाव मला माहीत नसेल," कुर्ली म्हणाली. "एकशे नऊ हा आकडाही."

घरी येऊन दुर्वानं वहीत संशयितांची यादी केली. संशय हा फार चमत्कारिक पाहुणा असतो बरं का. एकदा घरात घेतला की तो एका खोलीत बसत नाही. यादीत पहिलं नाव कुर्ली. दुसरं विश्रामकाका, कारण रोबो विकत घ्यायला त्यांचा विरोध होता. तिला घालवायला तेच असं करत असतील तर? तिसरं ओंजळ, कारण ती दिसेल ते बटण दाबते. चौथ्या नावापाशी पेन्सिल अडखळली. मग तिनं लिहिलं: आबा. दुपारी सगळे झोपतात तेव्हा आबांच्या खोलीतून बोटांचा टकटक आवाज येतो, हे तिनं ऐकलं होतं.

"माझं नाव चौथं का गं? मी एवढा मागे?"

दुर्वा दचकली. आबा मागेच उभे होते, चहाची कपबशी घेऊन. दुर्वाचे आबा म्हणजे मोठा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या डेटाबेसची (माहिती शिस्तीत रचून ठेवायच्या कोठारांची) राखण केली होती. आता गावाचा छोटासा डेटाबेस सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात कोडी सोडवायचे.

"आबा, म्हणजे... तुम्ही दुपारी काय करता?"

"कोडी सोडवतो. आईला सांगू नकोस, तिला वाटतं मी झोपतो." आबांनी यादी पुन्हा वाचली. "छान आहे. एक नाव कमी आहे फक्त."

"कुणाचं?"

"यादी लिहिणारीचं."

दुर्वाला रागच आला. "मी? मी रोज झाप घेऊन पळते! मी कशाला गुंडाळेन?"

"तसं नव्हे. शोध घेताना स्वतःचं नाव खोडायचं तेही पुराव्यानंच, एवढंच म्हणतो. चल, पुरावा बघू."

आबांनी खोलीतला पडदा चालू केला. "हे बघ. गावातल्या चाळीस जाळ्या, पंप, दिवे, सगळ्यांची स्थिती एका डेटाबेसात लिहिलेली असते. जाळी सतरापुढे 'पसरलेली' लिहिलं असेल तर मोटार ती पसरून ठेवते. तिथं कुणी 'गुंडाळलेली' लिहिलं, की मोटार गुंडाळते. म्हणजे आपला चोर जाळीला हात लावत नाही. तो इथं येऊन शब्द बदलतो."

"मग कोण आलं ते दिसत नाही?"

"दिसतं की. त्यालाच लॉग म्हणतात (घडलेल्या प्रत्येक गोष्टीची आपोआप होणारी नोंद). वाच."

दुर्वानं वाचलं.

*१२:४० – जाळी १७ : गुंडाळलेली – कोण : किनारा*

"किनारा? किनारा कोण?"

"किनारा सगळेच. तीच तर अडचण आहे. पंपाचा प्रोग्राम, हवामानाचा प्रोग्राम, घराघरांतल्या दिवे-जाळ्या चालवणाऱ्या पेट्या, कुर्ली, सगळे डेटाबेसात शिरतात ते एकाच नावानं, एकाच किल्लीनं. मी म्हणत होतो, प्रत्येकाला वेगळी किल्ली द्या. पण वेगळी दिली असती तरी काय कळलं असतं? 'घरातली पेटी' एवढंच. कुठल्या घरची, कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी, ते नाहीच."

"मग त्या मोटारीची तार उपटून टाकू ना!"

"टाकू. आणि मग वारा सुटला की जाळी फाटू दे मागच्या वर्षीसारखी. शिवाय चोर कोण ते कळलं नाही, तर दोनच्या लाँचमध्ये बसणारी बसणारच."

दुर्वा पुन्हा पडद्याकडे वळली. पडद्यावरचा तो आकडा तिच्या डोळ्यांत सलत होता. बारा चाळीस. रोज बारा चाळीस. "आबा, ही वेळ विचित्र आहे. मशीन असतं तर बारा किंवा साडेबारा धरलं असतं. बारा चाळीस कोण धरतं?"

आबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हा प्रश्न चांगला आहे. धरून ठेव. आता मला सांग, बर्फाच्या कारखान्यात तुझी काकू टोपली ठेवते, ती तिची तिला परत कशी मिळते?"

"चिंधीमुळे." हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मासळीच्या सगळ्या टोपल्या सारख्याच. म्हणून प्रत्येक बाई आपल्या टोपलीच्या कानाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. काकूची जांभळी, काठ पिवळा.

"बर्फ घालणारा माणूस चिंधी बघतो का?"

"छे! त्याला काय करायचंय? तो नुसता बर्फ घालतो."

"चिंधीमुळे बर्फ कमीजास्त होतो?"

"नाही."

"पण संध्याकाळी घोळ झाला तर?"

"चिंधी बघायची!" असं म्हणतानाच दुर्वाचे डोळे मोठे झाले. "आबा! हुकमाला चिंधी बांधता येते?"

"येते." आबांनी कपबशी खाली ठेवली. चहा त्यांनी प्यायलाच नव्हता. "डेटाबेसाला हुकूम पाठवताना त्याच्या शेपटीला टिप्पणी (यंत्रानं न वाचता सोडून द्यायचा शेरा) जोडता येते. एक तिरकी रेघ, एक चांदणी, मग आपल्याला हवं ते, मग चांदणी, तिरकी रेघ. या दोन खुणांच्या मधलं डेटाबेस वाचतच नाही. बर्फवाल्यासारखं. हुकूम तोच, काम तेच. पण लॉगमध्ये हुकूम उतरतो तो चिंधीसकट."

त्यांनी एक ओळ लिहून दाखवली.

*जाळी १७ : गुंडाळ /\* कुठून: … सूचना: … कुणाची: … का: … \*/*

"पण चोर कशाला स्वतःहून चिंधी बांधेल?" दुर्वाच्या आवाजात अजून संशय होता.

"शाबास. त्यानं बांधायचीच नाही. गावातला कुठलाही प्रोग्राम डेटाबेसाला हुकूम पाठवतो तो 'पाठवणी' नावाच्या एका छोट्या प्रोग्राममधून. कुर्लीतही तोच, पंपातही तोच. आपण बदल तिथं करायचा. पाठवणीनं प्रत्येकाला विचारायचं, बाबा रे, तू कुठला, कुणाच्या सांगण्यावरून आलास? आणि मिळालेलं उत्तर हुकमाला बांधून द्यायचं. उत्तर नाही मिळालं तर रिकामी चिंधी बांधायची. रिकामी चिंधीसुद्धा काहीतरी सांगतेच."

ती सगळी दुपार दोघं पडद्यापुढे बसून होती. दुर्वानं स्वतः आठ ओळी लिहिल्या. ओंजळ मध्येच येऊन म्हणाली, "मला पण चिंधी लिहायची, तिच्यात खूप चांदण्या हव्यात." तेव्हा आबांनी तिचा हात हळूच धरला. "बाई गं, चांदणी आणि तिरकी रेघ एकापुढे एक आली की डेटाबेसाला वाटतं शेरा संपला. मग पुढचं सगळं तो हुकूम म्हणून वाचायला लागतो. तू लिहायचीस गंमत आणि गावातले पंप व्हायचे बंद." आणि त्यांनी पाठवणीला आणखी एक काम सांगितलं, शेऱ्यात कुणी अशा खुणा लिहिल्याच तर त्या आधी काढून टाकायच्या. "आणि गुपितंही लिहायची नाहीत. लॉग सगळे वाचतात."

दिवेलागणीला चाचणी झाली. दुर्वानं शाळेपुढचा दिवा लावायचा हुकूम सोडला. लॉगमध्ये ओळ उमटली.

*दिवा ३ : चालू /\* कुठून: आबांचा संगणक, कुणाची: दुर्वा, का: उगाच \*/*

"जमलं!" ती ओरडली. नवी पाठवणी गावभर गेली. आता उद्याची वाट बघायची.

शनिवारी बाराला तांडेलांची पडवी भरली. भरली म्हणजे आई, आबा, दोघी बहिणी, विश्रामकाका, आणि तरटात गुंडाळलेली कुर्ली. काकांनी तिला लाँचसाठी बांधूनच आणली होती. तरटातून फक्त डोळ्यांची पट्टी आणि एक हिरवा पाय बाहेर. झाप आज आधीच घरट्यावर टाकला होता.

"हिला बांधलंय, म्हणजे आज काही होणार नाही बघा," काका म्हणाले. "तेवढाच पुरावा पुरे."

"आणि झालं तर?" आबांनी विचारलं.

"झालं तर हिनं रात्रीच सांगून ठेवलं असेल कुणाला तरी."

"काका," कुर्ली तरटातून म्हणाली, "म्हणजे झालं तरी मी, नाही झालं तरी मी. हे गणित मला डोकं थंड असतानाही सोडवता येत नाही."

काकांनी खिशातली शिट्टी काढून पुन्हा खिशात ठेवली. आबांनी पडवीत आणून ठेवलेल्या पडद्यावर लॉगच्या ओळी सरकत होत्या आणि आज प्रत्येक ओळीला शेपटी होती. पंपाच्या हुकमाला पंपाची, हवामानाला हवामानाची. दुर्वा एकेक चिंधी वाचत होती आणि चोरून सगळ्यांचे हात बघत होती. काकांचे हात मांडीवर. आबांचे हात घडी घातलेले. ओंजळीचा हात तोंडात, हलत्या दातावर. आईच्या हातात लाटणं. कालपर्यंत ज्या हातांनी तिला भरवलं, पोहायला शिकवलं, त्या हातांवर आपण पहारा ठेवतोय हे तिला कळत होतं, आणि तरी नजर हटत नव्हती.

बारा एकोणचाळीस.

टक्.

"पाल!" ओंजळ ओरडली.

आणि पडद्यावर ओळ उमटली. बारा चाळीस.

*जाळी १७ : गुंडाळ /\* कुठून: घर ९, स्वयंपाकघरातली पेटी, सूचना: दर वर्षी, पाडव्यापासून मिरगापर्यंत, कुणाची: दुर्वा, का: \*/*

घर नऊ म्हणजे हेच घर. 'का'च्या पुढे काहीच नव्हतं.

सगळे दुर्वाकडे बघायला लागले. दुर्वा पडद्याकडे बघत राहिली, तिथलं नाव दुसऱ्याच कुणाचं असेल म्हणून. मग तिला एकदम आठवलं.

"मागच्या वर्षी..." ती पडद्याकडे बोट करत म्हणाली. "मागच्या वर्षी आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. पाडव्यानंतर वाळवण घातलं होतं गच्चीवर, आणि त्याला ऊन मिळावं म्हणून गच्चीवरची सावलीची जाळी गुंडाळायला आई लंगडत जिना चढायची. उन्हात. फणसाची सावली गच्चीवरून सरते ती..." ती थांबली. "ती बारा चाळीसला. मी रोज बघून ठेवलं होतं. मग मी स्वयंपाकघरातल्या पेटीला सांगितलं, दर उन्हाळ्यात आमच्या गच्चीची जाळी रोज बारा चाळीसला आपली आपण गुंडाळत जा. पेटीवर घराचं चित्र होतं, त्यावर बोट ठेवलं. नंबर मी पाहिलाच नाही."

"आणि भाद्रपदातल्या वादळात किनाऱ्यावर तशाच राहिलेल्या घरट्यांच्या जाळ्या फाटल्या," आबा सावकाश म्हणाले, "तेव्हा त्यांच्या जागी लावायला घरोघरच्या जाळ्या काढून शाळेत ढीग केला. कुठली कुणाची, कुणी पाहिलं? जाळी किनाऱ्यावर गेली. पण तिचा नंबर मोटारीतच असतो. तो तिच्याबरोबर गेला."

"आणि सूचना फडताळामागच्या पेटीत राहिली," कुर्ली म्हणाली. "वर्षभर झोपली. पाडव्याला जागी झाली. मीही त्याच दिवशी आले."

आई आत फडताळाशी गेली, डबे बाजूला केले. मागे धुळीनं माखलेली छोटी पेटी होती. "हीच का माझी पाल!" ती म्हणाली. मग बाहेर येऊन दुर्वाकडे वळली. "तू केलं होतंस होय ते? मला वर्षभर वाटतंय, आबा जाऊन गुंडाळतात. मी त्यांना रोज जास्तीचा लाडू देत होते."

"मी म्हटलं, सून देते तर का नाही म्हणा," आबा म्हणाले.

काका खो खो हसायला लागले, पण दुर्वाला रडू आलं होतं. आईनं पिठाच्या हातानंच तिला जवळ घेतलं. "वेडाबाई, तू वाईट काही केलं नव्हतंस. फक्त कुणाला सांगितलं नव्हतंस."

दुर्वा मात्र आईच्या कुशीतून सुटून तरटाशी गेली. गाठी घट्ट होत्या; विश्रामकाका पुढे आले आणि दोघांनी मिळून सोडल्या. काका हसायचे थांबले होते.

"कुर्ली, सॉरी. मी सभेत बोलले तुझ्यावर. नुसतं तेव्हाच आलीस म्हणून."

"या सॉरीची नोंद करते," कुर्ली एकेक पाय मोकळा करत म्हणाली. "कुठून: पडवी. कुणाची: दुर्वा. का?"

दुर्वानं विचार केला. सोपं नव्हतं ते. "कारण," ती शेवटी म्हणाली, "सगळ्यांनी माना डोलावल्या, तेव्हा मला छान वाटलं होतं."

"ही चिंधी चांगली आहे," कुर्ली म्हणाली. "हिच्यात सगळं लिहिलंय."

दोनची लाँच कुर्लीला न घेता गेली. आबांनी ती जुनी सूचना पुसली. पण त्याआधी दुर्वाकडून 'का'च्या पुढची रिकामी जागा भरून घेतली, मग पुसली. लॉगमध्ये ती ओळ अजून आहे. *का: आईचा पाय दुखतो.* आणि समितीनं नियम केला, की यापुढे गावात कुणीही कसलीही सूचना ठेवली तर 'का' लिहिल्याशिवाय पेटी ती घेणारच नाही. विश्रामकाकांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, "का: मी सांगतोय म्हणून." पेटीनं घेतलं. सुधारायला अजून वाव होता.

त्यानंतर अठराव्या दिवशी, ऊन कलल्यावर, सतराव्या घरट्याची वाळू मधोमध खचली. मग हलली. मग एक काळपट, बोटाच्या टोकाएवढं नाक वर आलं.

सगळं गाव जमलं. कुर्लीनं पायानं वाळूत समुद्रापर्यंत सरळ रेघ ओढून दिली. तिच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. पिल्लं एकामागून एक निघाली, चिमुकली वल्ही मारत. दुर्वा मोजत होती. एकशे एक. एकशे दोन. एकशे तीन. सहा अंडी उमलली नाहीत.

"ती सहा..." दुर्वानं विचारलं.

"आपल्यामुळे की आपसूक, सांगता येणार नाही," आबा म्हणाले. "दरवर्षी थोडी राहतातच. वाळू तेवढी उबदार होती, त्यामुळे यात माद्या जास्त असतील. म्हणजे पुढं काय होईल सांग."

"माद्या मोठ्या झाल्या की इकडेच परत येतील. अंडी घालायला." दुर्वानं मनात हिशेब केला. "मी तेव्हा मोठी असेन. कुर्ली, तू असशील?"

"आठवण कोरी नाही केली कुणी, तर एकशे तीन हा आकडा मी धरून ठेवीन."

पहिलं पिल्लू ओल्या वाळूवर पोचलं. लाट आली, त्याला उलटं करून गेली. ते पुन्हा सरळ झालं आणि पुन्हा त्याच दिशेनं निघालं. मागे सगळी रांग तशीच. एकानंही तोंड गावाकडे वळवलं नाही.

ओंजळ दुर्वाच्या कडेला उकिडवी बसली होती. तिचा दात कालच पडला होता, त्यामुळे तिच्या शब्दांतून वारा जात होता.

"ताई, यांना कुणी सांगितलं समुद्राकडे जा म्हणून?"

"कुणी नाही गं. समुद्रावर उजेड जास्त दिसतो ना, ती उजेडाकडे जातात." हे दुर्वाला पाठ होतं.

"हो, पण उजेडाकडे जा, हे कुणी सांगितलं?"

"ते... त्यांच्या आतच असतं. अंड्यात असल्यापासून."

"आतल्या पेटीत?"

"हं. तसंच काहीतरी."

ओंजळीनं सगळ्यात मागे राहिलेल्या, धडपडत निघालेल्या एका पिल्लाच्या शेपटीकडे अगदी वाकून पाहिलं, वाळूला नाक लागेपर्यंत.

"मग ताई," ती म्हणाली, "त्या सूचनेवर कुणाचं नाव आहे?"

दुर्वानं आबांकडे पाहिलं, तर तेही समुद्राकडेच बघत होते.